रिकाम्या हाताची हाक

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागून राहिला आणि रानात अळंबी फुटली. आता गाई हाताबाहेर जाणार, हे तुरीदनं तेव्हाच ओळखलं. अळंबीचा वास एकदा नाकात गेला की गाईला गोठा आठवत नाही, वासरू आठवत नाही. समोरचं गुडघाभर गवत टाकून ती भूर्जाच्या झाडीत घुसते, दलदलीत पोटापर्यंत रुतते, आणि कास तटतटली तरी मागे वळत नाही. अशा दिवसांत तिला घरी आणणारी एकच गोष्ट असते, हाक. आणि हाकेच्या मागे मूठभर मीठ.

तुरीद सहासष्ट वर्षांची. डोंगरावर त्यांच्या घराचं सेटर होतं, उन्हाळ्यात गाई चारायला नेऊन राहायची जागा. दगडी जोत्यावर एक लाकडी खोली, लागून गोठा, ओढ्याच्या अंगाला दुधाची कोठी, भोवती लाकडाचं कुंपण. जूनमध्ये खालच्या शेतावरून अकरा गाई घेऊन चढायचं आणि सप्टेंबरात उतरायचं. असे एकतीस उन्हाळे तिनं काढले होते. शेत मात्र तिचं नव्हतं. आधी भावाचं होतं, भाऊ गेल्यावर भाच्याचं, हाल्वोरचं झालं. तिच्या नावावर होते फक्त दोन मोडके गुडघे आणि हिवाळ्यात झोपायला मिळणारी वरची खोली.

जुलैच्या शेवटी हाल्वोर ट्रॅक्टर घेऊन वर आला. कॉफी संपेपर्यंत कुंपणाबद्दलच बोलत राहिला. मग म्हणाला, "आत्या, नवा गोठा वसंतात पुरा होईल."

"होऊ दे की."

"त्यात धार काढायला यंत्र बसणार. गाय आपली आपण आत जाते, यंत्र सड शोधतं, लावतं, काढतं. माणूस लागत नाही. पण मग गाई वर धाडता यायच्या नाहीत. त्या यंत्राजवळच लागतात, रात्रंदिवस."

तुरीदनं कप खाली ठेवला. "म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात इथे कोण?"

"विबेके म्हणून एक बाई आहे शहरातली. साधं जगणं शिकवते. निसर्गाबरोबर, ऋतूंबरोबर. तिला जागा हवी आहे."

"साधं जगणं शिकवते? मग मी काय शिकत होते इतकी वर्षं?"

हाल्वोर हसला, पण लगेच खाली बघितलं त्यानं. "ऐक तर. ऑगस्टात ती एक आठवडा सहा माणसं आणते आहे, बघायला. त्यांना आवडलं तर तीन गाई वर ठेवू म्हणाली. दिसायला चांगल्या अशा. आणि त्यांच्याबरोबर तू. एक आठवडा, आत्या. जरा सांभाळून घे."

सांभाळून घे म्हणजे तोंड आवर. तुरीदला ते कळलं. डोंगर हातचा जात होता आणि तो धरून ठेवायला एवढी एकच दोरी होती. ती बरं म्हणाली.

विबेके आली रविवारी, सहा माणसांना घेऊन. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, हसरी बाई. कामाला वाईट नव्हती, आल्या आल्या पाण्याच्या दोन बादल्या उचलल्या तिनं. पण बादल्या ठेवल्या आणि भिंतीवरचं घड्याळ काढलं. कुंपणाच्या दारावर फळी ठोकली: "इथे घड्याळ नाही." खाली दुसरा कागद लावला, त्यावर आठवड्याचं वेळापत्रक. सात वाजता दवात चालणे. नऊ वाजता मौन. अकरा वाजता ऋतूशी संवाद. तुरीदनं तो कागद दोनदा वाचला आणि घड्याळ पिठाच्या पेटीत ठेवून दिलं. गाईला सहा म्हणजे सहा लागतात. तिच्यापुढे फळी वाचून दाखवायची सोय नाही.

"तुरीदबाई, एक विचारू का?" विबेके म्हणाली. "धारेचं ते यंत्र आहे ना, डिझेलचं, त्याचा आवाज फार होतो हो. ही माणसं आवाजातूनच पळून आली आहेत. आठवडाभर हातानं काढता येईल?"

"अकरा गाई?"

"पूर्वी काढायच्याच ना बायका?"

पूर्वी बायका बाळंतपणात मरायच्याही, असं तुरीदच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. यंत्रावर ताडपत्री टाकली आणि कासंडी घेऊन बसली. सोमवारी संध्याकाळपर्यंत तिचे अंगठे सुजले. मंगळवारी सकाळी तिला कॉफीची बरणी उघडेना, तिनं ती दारात दाबून धरून पिरगाळली. शेण उकरून कुंपणाबाहेर नेऊन टाकायचं, तेही विबेकेनं आठवड्यापुरतं थांबवायला सांगितलं होतं. उकरलं की वास येतो म्हणे. वरून तिच्यासाठी एक आडव्या पट्ट्यांचा एप्रन आणि पांढरा रुमाल आणला होता. तुरीदच्या आईनं लग्नाकार्यात घातला असेल असला. तो नेसून तुरीद गाईखाली बसे, आणि सहा माणसं दारात उभी राहून बघत. कोणी फोटो काढी. एक बाई हळूच म्हणाली, "किती शांत आहे ना चेहरा!" तुरीदच्या अंगठ्यातून त्या वेळी खांद्यापर्यंत कळ जात होती.

त्यातल्या त्यात एक माणूस बरा होता. हेनिंग, चाळिशीचा, कुठल्यातरी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. तो दिवसभर अनवाणी हिंडे, कारण पायांना जमीन कळली पाहिजे असं विबेकेनं शिकवलं होतं. पण प्रश्न खरे विचारी. मंगळवारी संध्याकाळी तुरीद कुंपणाजवळच्या धोंड्यावर चढली आणि तिनं गाईंना हाक घातली, तेव्हा तो शेजारीच होता. ती हाक म्हणजे गाणं नव्हे आणि ओरडणंही नव्हे. घशाच्या वरच्या टोकातून निघून समोरच्या कड्यावर आपटून परत येते. एकदाच घालायची असते. मग थांबायचं. खाली झाडीत घंटा हलली, दुसरी हलली, आणि पंधरा मिनिटांत म्हातारी लितागो पुढे आणि बाकीच्या दहा मागे अशा रांगेनं गाई आल्या. तुरीदनं बादलीतलं मीठ आणि भरड मुठीत घेतली. एकेकीच्या तोंडापुढे हात धरला. खरखरीत जिभा तळवा पुसून गेल्या.

हेनिंगचे डोळे भरून आले होते. "यात रहस्य काय आहे?"

"मीठ."

"नाही, पण खोलवर—"

"खोलवर भरड आहे. बादलीच्या तळाशी."

तो हसला. तिलाही हसू आलं. तो फोन खिशात टाकतो आहे हे तिनं पाहिलं होतं, पण फोन तर सगळ्यांच्याच हातात असे.

बुधवारी सकाळी तुरीद कोठीत चीज काढून उरलेलं दुधाचं पाणी आटवत होती. हे काम सोडून हलता येत नाही, हात थांबला की तळाला लागतं. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता. आणि तेवढ्यात तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

बाहेरून येत होता. टेकाडावरून. तिचीच हाक, तिचाच घसा, शेवटचा तो वर चढणारा सूर. उलथणं तिच्या हातातच राहिलं. आपण इथे आहोत आणि तिथे कोण उभं आहे, असं क्षणभर वाटलं तिला. मग हाक पुन्हा आली. लगेच तिसऱ्यांदा आली. माणूस तशी कधी घालत नाही.

ती बाहेर धावली. खालच्या झाडीतून घंटांचा नुसता कल्लोळ उठला होता. गाई येत होत्या. भर दुपारच्या तोंडाला, शेपट्या वर करून, कासा हिंदकळत, चिखल उडवत. टेकाडावर हेनिंग उभा. एका हातात फोन, दुसऱ्या हातात फोनचा आवाज मोठा करणारा मुठीएवढा कर्णा. बाकीचे पाच जण टाळ्या वाजवत होते. लितागो धापा टाकत थेट त्याच्यापाशी गेली आणि तिनं त्याच्या हातात नाक घातलं. हुंगलं. हात उलटा करायला लावल्यासारखं खालून ढोसलं, पुन्हा हुंगलं. हेनिंगनं प्रेमानं तिच्या कपाळावर हात फिरवला.

"मीठ द्या तिला! हात रिकामा ठेवू नका!" तुरीद ओरडली आणि बादलीकडे वळली. पण सहासष्ट वर्षांचे गुडघे ते. कोठीपर्यंत जाऊन, बादली घेऊन टेकाड चढेपर्यंत लितागो वळली होती. तुरीदनं मूठ पुढे केली. गाईनं तिच्याकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, आणि ती चालती झाली. तिच्यामागे दहाही गेल्या.

"काय केलंत हे?"

"तुमचा आवाज!" हेनिंगचा चेहरा उजळला होता. "काल धरून ठेवला होता. आल्या की हो! अंगावर काटा आला माझ्या."

"हातात काय होतं?"

"हातात? फोन."

तुरीदनं बादली उचलली. कोठीतून करपल्याचा वास यायला लागला होता.

तिच्या आईनं तिला हाक शिकवली ती आठव्या वर्षी. त्याआधी एक अख्खा उन्हाळा नुसती मिठाची बादली धरायला लावली होती. रिकाम्या हातानं हाक घालायची नाही. मेलीस तरी नाही. रानात भूर्जाखाली सुखानं चरणाऱ्या जनावराला तू बोलावतेस, ते येतं, तर त्याचा शब्द त्यानं पाळलेला असतो. आता तुझा. तुरीदनं एकतीस उन्हाळे तो पाळला. आणि तिच्याच आवाजानं तो मोडला गेला. गाईला काय ठाऊक कर्णा आणि फोन. तिच्या लेखी तुरीद खोटं बोलली.

संध्याकाळी सहाला तिनं हाक घातली. कडा बोलला. झाडी गप्प. दोनदा हाक घालणारीला गाई वेडी समजतात, म्हणून ती बादली मांडीवर घेऊन धोंड्यावर बसून राहिली. साडेसात झाले, आठ झाले. पाऊस सुरू झाला तशी आत गेली.

सकाळी धुकं कुंपणापर्यंत आलं होतं. तिनं पाठीला मिठाची पिशवी बांधली, काठी घेतली. हेनिंग दारात उभा होता. रात्री झोपला नसावा.

"मी येतो."

"बूट घाल आधी. पायांना डोंगराशी बोलायचं असेल तर रविवारी बोलू दे."

तो बूट घालून आला. दोघं ओढ्याच्या कडेनं उतरले, पलीकडे चढले. अळंबीचे देठ मोडलेले दिसत होते, शेणही होतं. शेण गार होतं. दलदलीत हेनिंग मांडीपर्यंत गेला. तुरीदनं काठी दिली, त्यानं धरली, एक बूट आतच राहिला. तो काढायला त्यानं हात कोपरापर्यंत घातला आणि शिवी हासडली. या आठवड्यात सेटरवर कोणीतरी मनापासून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

दुपार झाली तेव्हा काळ्या तळ्याच्या खाली त्यांना गाई सापडल्या. घंटा वाजत नव्हत्या, कारण गाई हलतच नव्हत्या. धुक्यात पाय फाकून उभ्या होत्या. कासा दगडासारख्या झाल्या होत्या. दागरोसच्या सडातून दूध आपोआप ठिबकत होतं. स्तासलीनचा एक सड काटक्यांनी ओरबाडला होता. तुरीदला बघून त्या दोन पावलं मागे सरल्या.

तुरीद ओल्या ढेकळावर बसली. मीठ मांडीवर ओतलं.

"हाक घाला ना," हेनिंग कुजबुजला.

"हाकेत काय राहिलंय आता?"

अर्धा तास गेला असेल. पाऊस मानेवरून पाठीत उतरत होता. मग लितागो आली. सगळ्यात म्हातारी तीच. चेहरा दुसरीकडे ठेवून, वाटेत काही हुंगायचंय असं दाखवत आली, आणि मांडीवर तोंड घातलं. तुरीदनं तिला कानामागे कुरवाळलं नाही. तिला पोटभर चाटू दिलं. मग तिथेच गुडघ्यांवर बसून तिनं सड धरले.

भांडं नव्हतं. पहिल्या चार धारा निघाल्याच नाहीत, सुजलेले अंगठे घसरत होते. मग निघाल्या. दूध शेवाळावर पडलं, शेवाळातून खाली काळ्या पाण्यात गेलं. एक झाली की दुसरी. हेनिंगनं डोकी धरली, मीठ दिलं.

"हे सगळं वायाच का?" त्यानं विचारलं.

"वाया तू काल अकरा वाजता घालवलंस. आता नुसतं सांडतंय."

स्तासलीननं लाथ मारली ती तुरीदच्या मनगटावर बसली. ती तशीच काढत राहिली.

पाच वाजता ते गाई घेऊन परतले तेव्हा माणसं कुंपणाशी उभी होती. टाळ्या पडल्या. विबेकेनं घोंगडी आणून तुरीदच्या खांद्यावर टाकली, गरम रस्सा हातात दिला, मनगटाला पट्टी बांधली. चांगली बांधली. मग समोर बसली.

"तुरीदबाई, वाईट झालं. पण खरं सांगू? त्यांना असं काही आयुष्यात मिळालं नव्हतं. सगळी विचारताहेत, पुढच्या वर्षी नक्की असेल ना. मी हाल्वोरशी फोनवर बोलले. तीन गाई, आणि तुम्ही. पक्कं. फक्त हाक रोज अकराला हवी, ऋतूशी संवाद असतो तेव्हा. आणि कधीमधी असं शोधायला नेता आलं तर—"

"अकराला धार नसते."

"धारेसाठी नाहीच. नुसती हाक."

"आणि गाई आल्यावर?"

"आल्या की झालं!"

तुरीदनं रस्सा संपवला. दोरी तिच्या हातात आली होती. फक्त हो म्हणायचं होतं. "नाही," ती म्हणाली.

विबेकेचं हसू गेलं. ती रागावली नाही, पण सरळ बोलली. "मी नाही घेतली तर दुसरा कोणी घेईल ही जागा. नाहीतर कोणीच नाही, आणि पाच वर्षांत इथे झुडपं छपरावर चढतील. तुमचा भाचा गाई वर पाठवणार नाहीच. तुम्ही कशासाठी नाही म्हणताय?"

"खोटं बोलायला मला इथे आणलेलं नाही."

"गाईशी?"

"मग कोणाशी? तुझ्याशी तर मी चार दिवस बोललेच की. हा एप्रन नेसून."

विबेके उठली, आणि बाहेर जाऊन यंत्रावरची ताडपत्री काढली. त्या संध्याकाळी डिझेलचं यंत्र सेटरभर धडधडत होतं. कोणी तक्रार केली नाही. रविवारी सगळी उतरून गेली. हेनिंगनं जाताना ती हाक फोनमधून पुसली आणि तिला दाखवली. तिनं मान हलवली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यानं बूट धुवून पायरीवर ठेवलेले तिनं पाहिले होते, आणि त्यानंच कुंपणाबाहेर काढून टाकलेला शेणाचा ढीगही.

हाल्वोर सोमवारी आला. या खेपेला कॉफी संपायची वाट पाहिली नाही त्यानं.

"एवढं करून ठेवलं होतं तुझ्यासाठी, आत्या! एक हाक घालायची होती गं. एक!"

"रोज. रिकाम्या हातानं."

"मग दे ना मीठ अकरालाही!"

"आणि अकराला आल्या की चरायच्या कधी? दिवसभर अंगणात उभ्या राहून फोटो द्यायच्या?"

हाल्वोरनं खिशातून कागद काढला. "यंत्राचा माणूस येऊन कासा बघून गेला होता जूनमध्ये, वर चढवायच्या आधी. सात बसतात. चार बसत नाहीत. लितागोचे पुढचे सड फाकलेत, दागरोसची कास खाली आली, रोसफ्रीचे मागचे एकमेकांत, आणि स्तासलीन लाथा मारते. यंत्राला सापडत नाहीत."

"मग?"

"उतरल्यावर गाडी येईल न्यायला."

कसायाची, हा शब्द त्यानं तोंडातच ठेवला. तुरीदनं बाहेर पाहिलं. "त्या चार मला दे."

"काय?"

"यंत्राला सापडत नाहीत ना? मला सापडतात. उन्हाळ्यात इथे, हिवाळ्यात जुन्या गोठ्यात. तुझ्या विबेकेला यायचं तर येऊ दे, फावडं घेऊन."

"जुना गोठा पाडायचाय, आत्या. आणि वय बघ तुझं."

"बघितलंय. एकतीस उन्हाळे घातलेत, तेव्हाही बघतच होते."

हाल्वोर ट्रॅक्टरवर बसला.

त्यानंतर तुरीदनं हाक घातली नाही. रोज चार वाजता मीठ घेऊन निघे, पायी गाईंपर्यंत जाई, तिथेच हात पुढे करी, आणि त्यांच्यामागून परत येई. कधी दीड तास, कधी तीन. पहिल्या दिवशी एकट्या लितागोनं मीठ खाल्लं. तिसऱ्या दिवशी पाचजणींनी. गुडघे रात्री गरम होत, ती ओढ्याच्या पाण्यात भिजवलेली चिंधी त्यांवर गुंडाळे. सातव्या दिवशी तिला बघून गाई आपणहून दोन पावलं पुढे आल्या. आठव्या दिवशी हिम पडलं, पातळसं, आणि अळंबी काळी पडली.

नवव्या दिवशी हाल्वोर कुंपणाचे खांब घेऊन वर आला. संध्याकाळी सहाला तुरीद बादली घेऊन धोंड्यावर चढली. तो हातोडा घेऊन तसाच उभा राहिला.

तिनं हाक घातली. आवाज मध्येच थोडा फाटला. कडा बोलला आणि थांबला.

"आणखी एकदा घाल," हाल्वोर म्हणाला.

"गप उभा राहा."

ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. हाल्वोरनं वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं. मग झाडीत घंटा वाजली. एकदाच, जनावर मान वर करतं तेव्हा वाजते तशी. बराच वेळ काही नाही. आणि मग चालीची घंटा, जड, एका लयीत. लितागो भूर्जांच्या कडेला आली आणि तिथेच थबकली. मागे बाकीच्या दिसत होत्या.

"बादली हलव ना," हाल्वोर पुटपुटला.

तुरीदनं बादली हलवली नाही. मूठ भरली, हात लांब केला, उघडला. लितागो चालत आली. तळव्यावर जीभ फिरवली, पुन्हा फिरवली, आणि डोकं तिच्या कमरेला टेकवून उभी राहिली. मागून दहा आल्या.

हाल्वोर जवळ आला आणि लितागोच्या तोंडापुढे त्यानं सहज हात धरला. तुरीदनं त्याच्या मनगटावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी.

"रिकामा हात पुढे करू नकोस."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग वाकून बादलीत हात घातला आणि मूठ भरून पुढे केली. गाय चाटत होती तोवर तो तिच्याकडेच बघत राहिला.

"जुना गोठा पाडायचा नाही मग," तो म्हणाला.

"नाही."

"चार."

"चार," तुरीद म्हणाली, आणि कासंडी आणायला गेली.